सरकारशी पहिली गाठ

१८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. नेहमीची फी भरायची त्याची तयारी होती, तरी शाळेने त्याला घेतलं नाही. मुलगा गप्प बसला नाही. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने त्यावर दिलेलं उत्तर मोठं चतुर होतं. निव्वळ न्यायाच्या दृष्टीने पाहिलं तर अर्जदाराची बाजू खरी आहे, हे सरकारने कबूल केलं. पण या एकाला आत घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडून जातील, शाळाच ओस पडेल आणि मग तिचा उपयोग कुणालाच होणार नाही, सबब सरकार यात पडू इच्छित नाही, असा एकूण मथितार्थ होता. एका मुलाचा हक्क आणि पुष्कळ मुलांची सोय असा तराजू मांडला गेला आणि पारडं कुठे झुकणार हे आधीच ठरलेलं होतं. पुढे १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी कळवलं की सरकारच्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्या पाहिजेत. तत्त्व मान्य झालं. धारवाडच्या त्या मुलाला त्याचा काय उपयोग झाला असेल याची कल्पना वाचकाने करावी.

सार्वजनिक शिक्षणातून चांगले नागरिक घडतात असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर येतं ते नागरिकशास्त्राचं पुस्तक, प्रतिज्ञा, झेंडावंदन. ती सगळी मंडळी या प्रकरणात भेटतीलच. पण माझा रोख दुसरीकडे आहे. माणसाची आणि सरकारची पहिली गाठ शाळेत पडते. तलाठी, तहसील, पोलीस ठाणं, कोर्ट हे सगळं पुढचं. सहाव्या वर्षी पोर शाळेच्या पायरीवर उभं राहतं तेव्हा शाळा त्याला कुठे बसवते, पाणी कसं देते, हजेरी घेताना त्याचं नाव कसं पुकारते, यावरून ते या देशातली आपली जागा ओळखतं. पुस्तकातला धडा फार नंतर येतो आणि तोवर खरा धडा शिकवून झालेला असतो.

शाळा म्हणजे सरकार, ही गोष्ट जुन्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मागच्या दोन-तीन पिढ्यांतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. जन्माची नोंद घरात नव्हती, आई 'त्या वर्षी लई पाऊस झाला हुता' एवढंच सांगू शकत होती. मग गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहिला, कान हाताला लागला की वय भरलं असं ठरवलं आणि जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून टाकलं. त्या तारखेवर पुढे नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शन सुरू झालं. अलीकडे कुणबी नोंदी शोधण्याचं काम निघालं तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरंही कपाटांतून बाहेर काढावी लागली. माणूस आहे, अमुक बापाचा आहे, अमुक गावचा आहे, हे सरकारदरबारी पहिल्यांदा कुणी लिहून ठेवलं असेल तर ते बहुतेकांच्या बाबतीत प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी.

पैसा कुणाचा, शाळा कुणाची

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबरात लेखी निवेदन सादर केलं. निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद अशी. आयोगापुढे हात जोडून उभा राहिलेला गरीब मनुष्य तिथे दिसत नाही. कर भरणारा आणि नगरपालिकेचा हिशेब पाहिलेला माणूस तिथे बोलतो आहे, आणि म्हणून तो सरळ पैशाचा प्रश्न काढतो. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो. तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, असं सरकारचं म्हणणं होतं. इतक्या वर्षांत काय झिरपलं ते दाखवा, असं फुल्यांनी विचारलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं ही त्यांची मागणी होती. मास्तर कसे हवेत तेही त्यांनी सांगितलं: वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे, शक्य तो शेतकरी वर्गातूनच आलेले.

या मागणीत अक्षरओळखीहून जास्त काही आहे. मताचा अधिकार कुणाच्या स्वप्नातही नव्हता त्या काळात, कर भरणाऱ्याचा शाळेवर हक्क आहे असं फुले म्हणत होते. नागरिकत्वाची कल्पना आपल्याकडे पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे मांडली गेली ती शाळेच्या निमित्ताने, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. स्वातंत्र्याची चळवळ पुढे त्या कल्पनेपर्यंत दुसऱ्या वाटेने पोचली.

इंग्रज सरकारने सक्तीच्या शिक्षणाला हात घातला नाही. घातला तो एका संस्थानिकाने. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एक देशी संस्थान जे करतं ते साम्राज्याला का जमू नये, असा युक्तिवाद घेऊन गोपाळ कृष्ण गोखले मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात उभे राहिले. त्यांचं विधेयक अगदी जपून लिहिलेलं होतं. सक्ती सगळीकडे नव्हती. ज्या भागात मुलांची ठरावीक संख्या आधीच शाळेत जाते तिथेच, तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर आणि सरकारच्या परवानगीनेच. इतकं सोपं करून मांडलं तरी पुढच्या मार्चात ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत सरकारी मंडळी होती तशी जमीनदारांची बाजू घेणारीही होती. शिकलेला कुळवाडी पुढे पावती मागेल, ही भीती बोलून दाखवायची गरज नव्हती.

कोल्हापूरने मग १९१७ मध्ये आपला कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, आणि त्या काळी रुपया ही चेष्टा नव्हती. शाहू महाराजांचा हा हुकूम पुष्कळांना माहीत असतो. त्याच्या मागून १९१९ मध्ये आलेला दुसरा हुकूम मात्र तेवढा आठवला जात नाही, आणि माझ्या मते तोच जास्त मोठा आहे. अस्पृश्य मुलांसाठी संस्थानात वेगळ्या शाळा होत्या. त्या दयाबुद्धीनेच काढलेल्या होत्या. धारवाडसारखं दारावरून परत जावं लागू नये म्हणून. महाराजांनी त्या बंद करायला लावल्या आणि सर्व मुलांना एकाच सरकारी शाळेत घ्या असं फर्मावलं. सक्तीच्या कायद्याने मूल शाळेत आणलं. या दुसऱ्या हुकमाने ते इतरांच्या शेजारी बसवलं. नुसतं शाळेत आणणं आणि शेजारी बसवणं यांत किती अंतर असतं, हे साताऱ्यात एका मुलाने आधीच अनुभवलं होतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर आलं. दार उघडलेलं होतं. पण वर्गात त्याने एका कोपऱ्यात एकट्याने बसायचं, बसायला घरून गोणपाट आणायचं. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली की शिपायाने नळ उघडून द्यायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी मुलांना शाळाप्रवेशाची गोष्ट सांगितली जाते. गोणपाटाची आणि नळाचीही सांगावी. सरकारने दिलेल्या शिक्षणातला तो भागही तितकाच खरा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव आणला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा त्याचा भाग सर्वांना ठाऊक असतो, कारण त्यातूनच महाडचं चवदार तळं १९२७ मध्ये इतिहासात आलं. त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. तळ्याचं पाणी आणि शाळेचा वर्ग एकाच यादीत बसवले होते. त्या यादीमागचा विचार अगदी फुल्यांचाच आहे: ज्या गोष्टीला सर्वांचा पैसा लागला ती सर्वांची.

महाडचा सत्याग्रह झाला त्याच मार्च महिन्यात आंबेडकर कायदे मंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्या भाषणात भावनेला आवाहन जवळजवळ नाही, आकडे आहेत. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात १८. सरकार शिक्षणावर माणशी खर्च करतं १४ आणे, आणि त्याच माणसाकडून दारूच्या करापोटी घेतं २ रुपये २ आणे ९ पै. निदान दारूतून जेवढं काढून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. अर्थसंकल्पाचे आकडे समोर ठेवून सरकारला असं कोंडीत पकडणं ही नागरिकाची खरी भाषा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे भाषण धडा म्हणून घातलं तर 'अर्थसंकल्प म्हणजे काय' हा प्रश्न मुलांना आयुष्यभर विसरता येणार नाही.

पुस्तकातला नागरिक

स्वातंत्र्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगता येते, कारण ती बरीचशी वाट पाहण्याची आहे. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने १० वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करायला सांगितलं होतं. १९६० उजाडलं आणि गेलं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं, २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. गोखल्यांचं विधेयक पडून तोवर ९८ वर्षं झाली होती.

या मधल्या काळात शाळा वाढल्या. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्या हाती गेली. गोव्यात मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या आणि बहुजन घरांतली पहिली शिकणारी पिढी त्या मराठी शाळांतून बाहेर पडली. आणि या शाळांत नागरिक घडवण्याचं काम रीतसर विषय म्हणून शिकवायला सुरुवात झाली.

तो विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. सहावीला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. सातवीला संविधानाची ओळख, आठवीला संसद. क्रम चांगलाच आहे, गावापासून दिल्लीपर्यंत जाणारा. पण परीक्षेच्या घाण्यातून तो निघाला की हाती उरतं ते पाठांतर. सरपंच व्हायला वय २१, आमदार-खासदार व्हायला २५, राज्यसभेला ३०, राष्ट्रपती व्हायला ३५. ग्रामसभेचे अधिकार पाच गुणांसाठी घडाघडा लिहिणाऱ्या मुलीने ग्रामसभा पाहिलेली नसते. ती पुष्कळदा तिच्याच शाळेच्या पटांगणात किंवा पलीकडच्या देवळात भरलेली असते आणि त्या वेळी मुलांना घरी सोडून दिलेलं असतं. पुस्तकातल्या गावात भांडण नाही, गट नाहीत, कुणाच्या बांधावरून रस्ता गेलेला नाही, टँकर आधी कुठल्या आळीत जातो हा प्रश्न नाही. मूल ज्या गावात राहतं तिथे या गोष्टींशिवाय दुसरं काही नाही.

प्रतिज्ञेचंही तसंच. ती तेलुगूत लिहिली गेली, १९६२ मध्ये, पैदिमर्री वेंकट सुब्बाराव या कोषागार अधिकाऱ्याने. सरकारी तिजोरीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने लिहिलेले शब्द देशभरातल्या मुलांनी रोज उभं राहून म्हणावेत, ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. बहुतेक मुलांना त्याचं नाव ठाऊक नसतं आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

शब्दांपेक्षा मला परिपाठाची रीत महत्त्वाची वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी पटांगणात रांगा लागतात. परिपाठ मुलंच घेतात. एकजण दिनविशेष सांगतो, एक सुविचार, एक बातम्या वाचतो, एक बोधकथा, आणि पाळी आलेली चौथीतली मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पुढे येते, माईक असला तर तो तोंडापासून एक हात लांब धरते आणि 'आजचा प्रश्न' विचारते. सुविचार दुसऱ्या मिनिटाला विसरला जातो. साठ माणसांपुढे उभं राहून बोलल्याची आठवण जात नाही. जिच्या आईने गावात चार पुरुषांसमोर तोंड उघडलेलं नसतं तिच्यासाठी ही तीन मिनिटं नागरिकशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकाच्या तोडीची आहेत.

शालेय मंत्रिमंडळाबद्दल मात्र मी इतका खुशीत नाही. निवडणूक थाटात होते. उमेदवार प्रचार करतात, शाई लावतात, हल्ली मोबाइलवर मतदानयंत्राचं ॲप घेऊन खऱ्यासारखं बीप वाजवतात. मुख्यमंत्री होतो, आरोग्यमंत्री होते, स्वच्छतामंत्री होतो. मग वर्षभर स्वच्छतामंत्री वर्ग झाडतो. प्रश्न एवढाच विचारावा: या मंत्रिमंडळाला शाळेतली एखादी तरी गोष्ट ठरवता येते का? सहल कुठे जावी, खेळाच्या तासाला मैदान मुलींना कधी मिळावं, नळ गळतो त्याची तक्रार ग्रामपंचायतीकडे कुणी न्यावी. जिथे गुरुजी हे मुलांवर सोपवतात तिथे निवडणुकीला अर्थ येतो. जिथे नाही तिथे मुलं एवढंच शिकतात की मत दिल्यावर शाई लागते.

आपल्या शाळांची जुनी खोड अशी की शिस्त आणि नागरिकत्व या दोन्हींची त्यांनी गल्लत केली. हाताची घडी, तोंडावर बोट. मराठी मुलुखातल्या प्रत्येक माणसाने हे आसन केलेलं आहे. साहेब तपासणीला आले की सगळा वर्ग या आसनात. प्रजा घडवायला यापेक्षा चांगला व्यायाम सापडणार नाही. २००९ पासून बीड जिल्ह्यातल्या शाळांत 'मूल्यवर्धन' नावाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे राज्यात पसरला. त्यात मुलं गटात बसतात आणि वर्गाचे नियम स्वतः ठरवतात. कल्पना साधी आहे, पण ज्याने नियम करण्यात भाग घेतला तो नियम मोडताना जरा थांबतो, आणि दुसऱ्याने मोडला तर विचारतो. विचारण्याची सवय हवी असेल तर तोंडावरचं बोट आधी काढायला लागतं.

खिचडीची पंगत

१५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. सुरुवातीला महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांत मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी नेता येत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की तांदूळ वाटून चालणार नाही, शिजवलेलं अन्न द्या. उद्देश कुपोषण आणि गळती थांबवण्याचा होता. त्या आदेशाने आणखी एक गोष्ट घडवली, तिच्यासाठी कुणी वेगळी योजना काढली नव्हती.

तांदळाची पिशवी घरी जात होती तोवर प्रत्येक मूल आपापल्या चुलीजवळ जेवत होतं. खिचडी शाळेत शिजू लागली आणि व्हरांड्यात पंगत बसली. गावच्या पंगतीत कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं, आज उघडपणे नसलं तरी नजरेने. शाळेच्या पंगतीत पहिलीची रांग, दुसरीची रांग. ताट धुवायला एकच हौद. वाढणारी बाई एकच, एकाच डावाने. हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं कुणी समजू नये. दलित बाईने शिजवलेलं आमची मुलं खाणार नाहीत असा हट्ट धरून मुलांचे डबे घरून पाठवण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी झाले. काही ठिकाणी प्रशासन नमलं, काही ठिकाणी ठाम राहिलं. मुलं बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर शहाणी होतात, कारण भूक लागलेली असते.

पंगत हीच शाळा, हे साताऱ्याला पूर्वीच सिद्ध झालेलं होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तिथे वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. सर्व जातींची मुलं तिथे एकत्र राहत, भाकऱ्या भाजत आणि एकत्र जेवत. दाणे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, त्यात मंगळसूत्रही गेलं. भाऊरावांची रयत शिक्षण संस्था ही सरकारी नव्हे. पण तिच्या वसतिगृहात जे सोनं मोडून करावं लागलं ते पाऊणशे वर्षांनी न्यायालयाच्या आदेशाने सरकारच्या पैशातून गावोगाव होऊ लागलं, हा क्रम विसरू नये. तांदळाचा हिशेब, गॅसची टाकी, ऑनलाइन नोंद या सगळ्याने गुरुजी वैतागलेले असतात आणि त्यांचं वैतागणं रास्त आहे. खिचडीवरचे विनोद मात्र ज्यांची मुलं ती खात नाहीत तेच जास्त करतात.

शेजारच्या शाळेतून कोण गेलं

१९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा आराखडा केला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. कोल्हापूरच्या मातीतला हा मनुष्य खेड्यातल्या शिक्षणाचं काम करत दिल्लीपर्यंत गेला होता. आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली: वस्तीतल्या सगळ्या मुलांनी, कलेक्टरच्या आणि शिपायाच्या, वस्तीतल्याच सार्वजनिक शाळेत जावं. वेगवेगळ्या थरांतली मुलं वेगवेगळ्या शाळांत वाढली तर त्यांचा एक समाज होणार नाही, आणि मोठ्या लोकांची मुलं शाळेत असली की शाळा आपोआप सुधारेल, ही त्यामागची दोन कारणं. दुसरं कारण व्यवहारी आहे आणि त्यामुळेच ते पचलं नसावं. सामाईक शाळेचं तत्त्व १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने तोंडभरून मान्य केलं आणि तिथेच ठेवलं.

घडलं ते उलटं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्यांतून गावच्या वेशीपर्यंत आल्या. सकाळी वेशीजवळ पिवळी बस थांबते. तिच्यात पहिल्यांदा कोण चढलं हे गावातला कुणीही सांगेल: गुरुजींची स्वतःची मुलं, दुकानदाराची, सोसायटीच्या चेअरमनची, सरपंचाची. मागे राहिली मजुराची, ऊसतोडीला जाणाऱ्याची, पाड्यावरची. इंग्रजीची ओढ मी खोटी म्हणणार नाही. पोराला चार पैसे मिळावेत असं कुणाला वाटत नाही? पण ज्यांचा आवाज पंचायतीत चालतो त्यांची मुलं गेली की शाळेचं छप्पर गळतं हे पंचायतीत सांगणारं कुणी उरत नाही. बसमधल्या मुलाचंही नुकसान होतं. आपल्याच गावातल्या अर्ध्या मुलांशी त्याची ओळखच होत नाही, आणि उद्या तो तहसीलदार झाला तर त्यांचे अर्ज त्याच्या टेबलावर येणार असतात.

शिक्षण हक्क कायद्याने याला एक बारीकशी फट ठेवली होती. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी सरकार देणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला ही सक्ती नाही. पालक न्यायालयात गेले, जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला नाही. सरकारची बाजू पैशाची होती. जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेची फी आम्ही का भरावी? वरवर रास्त प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर 'मग सरकारी शाळेत सगळ्यांनीच जावं' असं द्यायची हिंमत कुणाचीच नाही, आणि ते न देता गरिबाला तेवढं तिकडे पाठवायचं म्हणजे शाळेचे पुन्हा दोन वर्ग पाडणं. कोल्हापूरने १९१९ मध्ये वेगळ्या शाळा मोडल्या त्या जातीच्या होत्या. आजच्या पैशाच्या आहेत, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर नावांत फार फरक पडत नाही.

पट कमी झाला की पुढचं पाऊल ठरलेलं. राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत. त्या मोठ्या समूह शाळेत मिळवाव्यात, मुलांना वाहन द्यावं, असा प्रस्ताव सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला. त्याच्या बाजूनेही बोलता येतं. चार इयत्ता, एक गुरुजी आणि सात मुलं असलेल्या शाळेत खेळायला संघसुद्धा होत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतच पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं धरलेलं आहे, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून पोरगी रोज जाईल असं मंत्रालयात बसून ठरवणं सोपं असतं.

इथे कायद्याने दिलेलं एक हत्यार उपयोगी पडतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या बायका. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावरच असते. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं आणि इतिवृत्त गुरुजीच लिहितात. पण जिथे बैठक खरी होते तिथे पालकांना कळतं की शाळेला किती अनुदान आलं, ते कशावर गेलं, गुरुजी किती दिवस निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला बाहेर होते. शेतमजुरी करणारी आई या बैठकीत सरकारी कागद पहिल्यांदा हातात धरते. शाळा नागरिक घडवते असं म्हणताना आपण फक्त मुलांचा विचार करतो. आईबापही तिथेच घडतात, आणि तेही प्रौढ वयात.

इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा २०२२ मध्ये बंद पडली आणि मुलांना दुसरीकडे जायला सांगण्यात आलं. पालक आणि मुलं नाशिकला जिल्हा परिषदेवर मोर्चा घेऊन गेली. सोबत शेळ्या होत्या. शाळा देत नसाल तर ही दप्तरं घ्या आणि शेळ्या द्या, निदान त्या तरी राखू, असं मुलांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले आणि प्रशासनाला दरेवाडीत शाळा पुन्हा सुरू करावी लागली.